कुष्ठरोगावर औषध मिळालं, पण नाव गुप्त ठेवलं: डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगाची गोष्ट

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलेली मंडळी परत निघताना शेजारच्या एका देखण्या इमारतीसमोर थांबतात आणि फोटो काढतात. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय. नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आतल्या हिरव्या-सोनेरी खांबांवर आजवर हजारो रील्स झाले असतील, पण नावातले हे डॉक्टर नेमके कशाचे, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

कुणी सांगतं इतिहास संशोधक होते, कुणी सांगतं मुंबईचे शेरीफ होते. दोन्ही खरं आहे. पण त्यांचं पोट चालायचं ते डॉक्टरकीवर, आणि त्या काळात ज्याचं नाव घ्यायलाही लोक घाबरायचे त्या रोगावर औषध शोधायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. रोग होता कुष्ठरोग. तेव्हाच्या बोलीत महारोग किंवा रक्तपिती. औषध म्हणून त्यांच्या हातात होतं आपल्याच सह्याद्रीतल्या एका झाडाचं तेल. त्या तेलाचं पुढे काय झालं, हे समजून घेतलं तर एकोणिसाव्या शतकातली मुंबईही कळते आणि आजचं एपिजेनेटिक्सही थोडंफार कळतं.

बुद्धिबळाने शाळेत पोहोचवलेला मुलगा

भाऊ दाजींचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी सगळे भाऊ म्हणायचे, वडिलांना दाजी म्हणायचे, आणि हीच दोन घरगुती नावं पुढे इतिहासात गेली. जन्म १८२२ चा, गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. आज मांद्रे म्हटलं की समुद्रकिनारा आणि शॅक डोळ्यापुढे येतात. तेव्हा तिथून पोटापाण्यासाठी लोक मुंबई गाठायचे. लाड कुटुंबही आलं.

घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा बुद्धिबळात मात्र भलताच तरबेज. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली की याला इंग्रजी शिकवा. अशा रीतीने भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. शिकले, तिथेच शिकवायलाही लागले. कच्छ-काठियावाडात मुलींना जन्मतःच मारण्याची जी प्रथा होती, तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. वय विशीच्या आसपास.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. आज जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात आहे तेच. भाऊ दाजींनी शिक्षकी सोडून तिथे नाव घातलं. पश्चिम भारतात पाश्चात्त्य वैद्यक शिकून पदवी घेतलेली पहिली तुकडी इथून बाहेर पडली, ती अवघ्या आठ जणांची. त्यात भाऊ दाजी होते आणि पुढे प्रार्थना समाज उभा करणारे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. भाऊंचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना चालवला.

यानंतरची वीस वर्षं त्यांनी इतक्या ठिकाणी हात घातला की यादी करायची म्हटलं तर दम लागतो. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्या सेक्रेटरींपैकी एक भाऊ दाजी. १८५३ मध्ये विष्णुदास भावे सांगलीहून नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या मागे उभे राहिलेल्यांत भाऊ दाजी. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये भाऊ दाजी. मुलींच्या शाळेसाठी धडपडणाऱ्यांत भाऊ दाजी. कॅमेरा नुकताच आला होता, तर फोटोग्राफिक सोसायटीतही भाऊ दाजी! १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

या सगळ्यात त्यांचा खरा जीव होता जुन्या लेखांत. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला. आर्यभट, वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त नेमके कधी होऊन गेले यावरचा त्यांचा लेख १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. लेखांचे ठसे गोळा करायला त्यांनी भगवानलाल इंद्रजी या जुनागडच्या तरुणाला देशभर फिरवलं. हा तरुण पुढे स्वतःच मोठा पुरालेखतज्ज्ञ झाला.

संस्कृत पोथ्या वाचायची ही सवयच त्यांना त्या तेलापर्यंत घेऊन गेली.

पश्चिम समुद्राकाठचं झाड

कुष्ठरोगाची अवस्था तेव्हा काय होती? बोटं झडलेली, नाक बसलेलं, पायाला जखम झाली तरी कळत नाही. घरच्यांनी हाकललं की रस्ता किंवा धर्मशाळा. रोग कशाने होतो याबद्दल युरोपातही एकमत नव्हतं. नॉर्वेतले नामांकित डॉक्टर म्हणत होते की हा आनुवंशिक आहे, रक्तातून येतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटिश वसाहतींमधून माहिती मागवली आणि १८६७ मध्ये अहवाल दिला की हा रोग संसर्गजन्य नाही. म्हणजे जगातले मोठमोठे डॉक्टर ठामपणे चुकत होते.

भाऊ दाजींनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या औषधांचं कौतुक आहे ती खरंच चालतात का, हे रुग्णावर तपासून बघायचं. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचं तेल सांगितलंय, आणि हे झाड पश्चिम समुद्राच्या काठी होतं असाही उल्लेख आहे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी तुवरकाची ओळख पटवली ती हिडनोकार्पस या झाडाशी. मराठीत कडू कवठ. कोकण-गोव्याकडे कवटी किंवा खष्टेल. सह्याद्रीच्या पावसाळी रानात, ओढ्यांच्या काठाने ते वाढतं. फळ कवठासारखं गोल आणि टणक, आत तेलकट बिया. मांद्रे गावात वाढलेल्या मुलाला पश्चिम समुद्राकाठ म्हणजे कुठला, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

याच जातकुळीतल्या चालमोगरा तेलाची युरोपीय डॉक्टरांना ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या फ्रेडरिक मूआट यांनी, १८५४ मध्ये. भाऊ दाजी मुंबईत कुष्ठरोग्यांवर आपलं औषध वापरत होते १८६० च्या दशकात. रुग्णांना गुण येतोय अशी बातमी पसरली. चट्टे फिके पडतायत, गाठी बसतायत. दुसरीकडे कुठेच आशा नसलेली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली.

आणि इथेच या गोष्टीला खटकणारं वळण लागतं.

भाऊ दाजींनी औषध नेमकं कशाचं, ते जाहीर केलं नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर निकाल सांगितला, पण फॉर्म्युला लपवला. यावरून मुंबईच्या डॉक्टरमंडळींत चांगलाच वाद पेटला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेला पहिला धडाच हा होता की वैद्याची गुप्त पुडी आणि शास्त्र यांत फरक असतो. शास्त्रात एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला करून बघता यायला हवा. त्याच कॉलेजचा पहिल्या तुकडीतला, नावाजलेला विद्यार्थी गुप्त औषध देतोय, हे अनेकांच्या पचनी पडेना.

यातला विरोधाभास कळायला थोडं मागे, १८६२ मध्ये जावं लागेल. नेटफ्लिक्सवरचा महाराज सिनेमा ज्यावर आधारलाय, तो महाराज लायबल खटला. पत्रकार करसनदास मुळजींवर वैष्णव महाराज जदुनाथजींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. या खटल्यात भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना उपदंश, म्हणजे सिफिलिस झाल्याची माहिती त्यांनी भर कोर्टात दिली. शहरातल्या बलाढ्य गटाचा रोष ओढवून घ्यायला ते कचरले नाहीत. रुग्णाचं गुपित सांगताना कचरले नाहीत, पण औषधाचं गुपित मात्र जपलं. ज्या माणसाने अजिंठ्याचे लेख जगासाठी खुले केले, त्याने कुष्ठाचं औषध मुठीत ठेवावं, हे त्यांच्या चाहत्यांनाही समजावून सांगणं अवघड जातं.

हे दशक त्यांच्यासाठी तसंही बरं गेलं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा धो-धो आला, सगळं शहर शेअरच्या मागे वेडं झालं आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला. त्यात भाऊ दाजींचंही मोठं नुकसान झालं.

गुप्त औषधाने काय बिघडलं?

रुग्ण बरे होत असतील तर नाव कळलं नाही म्हणून काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. तर बरंच बिघडतं. कारण कुष्ठरोग हा डॉक्टरांना फसवणारा रोग आहे.

एक तर आयुर्वेदातलं कुष्ठ म्हणजे फक्त कुष्ठरोग नव्हे. चरकाने अठरा प्रकार सांगितलेत आणि त्यांत त्वचेचे कितीतरी वेगवेगळे विकार येतात. दुसरं म्हणजे खऱ्या कुष्ठरोगातही काही रुग्णांचे थोडेसे चट्टे औषधाविना आपोआप जातात. काहींचा रोग मध्येच भडकतो आणि मग काही काळ शांत होतो. नेमकं त्याच काळात एखादं औषध सुरू असेल तर सगळं श्रेय त्या औषधाला मिळतं. यातून सुटायचा मार्ग एकच: औषधाचं नाव, मात्रा आणि रुग्णांच्या नोंदी दुसऱ्यांच्या हातात द्यायच्या. भाऊ दाजींचा प्रयोग या पायरीपर्यंत पोहोचलाच नाही. आज व्हॉट्सॲपवर संधिवाताच्या अमुक काढ्याचा मेसेज फिरतो, त्यातही नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

मुंबईतच त्या काळात दुसरा एक डॉक्टर याच रोगामागे लागला होता. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकीय विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या ग्रेज ॲनाटॉमी या पुस्तकातली मूळ चित्रं याच माणसाने काढली. कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, काही काळ साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होते. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, निरीक्षणं चित्रांसकट छापली. तेही आधी रोग आनुवंशिक मानत होते. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये गेरहार्ड हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला. कार्टर त्याच सुमारास नॉर्वेला जाऊन आले आणि त्यांनी आपलं मत बदललं.

हॅन्सनच्या शोधावर भाऊ दाजी काही करू शकले असते का? त्यांना वेळच मिळाला नाही. अर्धांगाने ते अंथरुणाला खिळले आणि ३१ मे १८७४ रोजी गेले. वय जेमतेम ५२.

नंतरच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत आणि त्यांच्या चरित्रांत त्यांचं औषध म्हणून नाव येतं ते कवटीच्या तेलाचं.

तेलापासून टीएनएफपर्यंत

भाऊ दाजी गेले, तेल राहिलं. पण ते पोटात घ्यायचं म्हणजे शिक्षा होती. भयंकर मळमळ आणि उलट्या. इंजेक्शन द्यावं तर ते इतकं घट्ट की कातडीखाली गाठी व्हायच्या. ही अडचण सोडवली हवाईमधल्या ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने. १९१५-१६ च्या सुमारास तिने तेलातल्या आम्लांपासून शरीरात शोषलं जाईल असं रूप तयार केलं. १९१६ च्या शेवटी ती वारली, अवघ्या २४ व्या वर्षी, आणि तिचं श्रेय कॉलेजच्या अध्यक्षाने आपल्या नावावर खपवलं.

पुढची दोन-अडीच दशकं जगभर हेच इंजेक्शन चाललं. मग १९४१ मध्ये अमेरिकेत सल्फोन गटातलं औषध कुष्ठरोगावर लागू पडलं, पाठोपाठ डॅप्सोन आलं आणि तेल मागे पडलं. तेलाचा परिणाम मुळीच नव्हता असं नाही. त्यातलं हिडनोकार्पिक आम्ल प्रयोगशाळेत या कुळातल्या जंतूंची वाढ रोखताना दिसलंय. पण रोग मुळापासून काढण्याइतका दम त्यात नव्हता.

जंतू मारणारं औषध आलं तरी एक कोडं शिल्लक होतंच. जंतू मेले तरी काही रुग्णांचा त्रास थांबत नाही. उलट उपचार सुरू असतानाच एकाएकी ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, नसा सुजतात. डॉक्टर याला लेप्रा रिॲक्शन म्हणतात. इथे नुकसान करणारा जंतू नसतो, तर आपलीच प्रतिकारशक्ती असते. म्हणजे कुष्ठरोग हा जंतूचा रोग आहे, आणि त्याच वेळी तो दीर्घकाळ चालणारा दाहाचा रोगही आहे, संधिवात किंवा क्रोन्सच्या पंगतीत बसणारा. भाऊ दाजींच्या रुग्णांचे चट्टे भडकणं आणि शमणं यामागेही हाच खेळ असू शकतो.

१९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी एका हवालदिल रुग्णाला झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. गरोदर बायकांनी घेतल्याने हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली, म्हणून बदनाम झालेलं हेच ते औषध. रुग्णाला झोप तर लागलीच, पण रिॲक्शनही ओसरली. का ओसरली, हे कळायला १९९१ उजाडलं. थॅलिडोमाइड टीएनएफ नावाचं प्रथिन कमी करतं. दाहाची आग भडकवणारं हे प्रथिन.

टीएनएफला थेट पकडणारी औषधं १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आली, आधी क्रोन्स आणि मग संधिवातासाठी. यांना बायोलॉजिक्स म्हणतात. गोळीसारखी रसायनं मिसळून ती बनत नाहीत, जिवंत पेशींकडून ती तयार करून घ्यावी लागतात. इन्फ्लिक्सिमॅब हे त्यातलं गाजलेलं नाव. इतर उपायांना दाद न देणाऱ्या लेप्रा रिॲक्शनमध्येही ते वापरून पाहिलं गेलंय. पण याला उलटी बाजू आहे. संधिवातासाठी टीएनएफ दाबल्यावर दडून बसलेला कुष्ठरोग वर आल्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. ज्या आगीने घर भाजतं, त्याच आगीने चोरही पळत असतो.

आनुवंशिक की संसर्गजन्य?

भाऊ दाजींच्या काळातला हा वाद आज गंमतशीर वळणावर येऊन ठेपलाय. रोग जंतूमुळेच होतो, यात शंका नाही. पण जंतूशी संबंध आलेल्या बहुतेकांना तो होतच नाही, सुमारे ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती त्याला परस्पर निपटते. मग उरलेल्यांनाच का? २००९ मध्ये चीनमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून काही जनुकं पुढे आली, त्यांतलं एक एनओडी-२. हेच जनुक क्रोन्सशीही जोडलेलं आहे. म्हणजे आनुवंशिकतावाले अगदीच हवेत बोलत नव्हते.

एपिजेनेटिक्स येतं ते यापुढे. जनुकं म्हणजे पाककृतींची वही समजा. वही तीच राहते, पण काही पानं पिन मारून बंद केली तर ते पदार्थ घरात बनणार नाहीत. पेशीत डीएनएवर आणि त्याच्याभोवतीच्या प्रथिनांवर अशा रासायनिक खुणा असतात. अक्षर एकही बदलत नाही, कुठलं पान उघडायचं ते बदलतं.

कुष्ठरोगाचा जंतू हे पिन काढाय-लावायचं काम स्वतःच्या फायद्यासाठी करतो, हे २०१३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं. नसांभोवती आवरण तयार करणाऱ्या श्वान पेशींत जंतू शिरतो आणि त्यांची ओळखच पुसतो. त्या पेशी मूळपेशींसारख्या होतात, हिंडू लागतात आणि जंतूला शरीरात दुसरीकडे पोहोचवतात. कार्टर साताऱ्या-मुंबईत ज्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते, त्यांच्यात आत हे चाललेलं असू शकतं.

याच यंत्रणेचा आपल्या बाजूनेही उपयोग होतो. लहानपणी दंडावर टोचतात ती बीसीजी लस टीबीसाठी असली तरी कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांना आढळलं की बीसीजीनंतर रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरच्या एपिजेनेटिक खुणा बदलतात, त्या जास्त सावध होतात, आणि हे घडायला एनओडी-२ लागतं. तेच जनुक!

नावासकट मिळणारं औषध

भायखळ्याची ती इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. ते उभं राहावं म्हणून जॉर्ज बर्डवुड यांच्यासोबत भाऊ दाजींनी खटपट केली होती. त्यांचं नाव त्याला मिळालं १९७५ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. मोडकळीला आलेल्या वास्तूची नंतर डागडुजी झाली आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताने जाहीर केलं की देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलंय. तरीही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं. निदान झालं तर उपचार सहा महिने किंवा वर्षभर, पूर्ण मोफत. औषध महिन्याच्या पाकिटात येतं. कोणत्या दिवशी कुठली गोळी, ते त्यावर आखलेलं असतं. आणि औषधांची नावंही छापलेली असतात: रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन.